न कुजणारी होडी

१९५९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला होड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यात २८ फुटांची एक शिडाची होडी मांडली होती. नाव ट्रायटन. आराखडा कार्ल अल्बर्ग यांचा आणि बांधणी क्लिंटन आणि एव्हरेट पिअरसन या दोन चुलत भावांची. थोड्याच वर्षांपूर्वी हे भाऊ गॅरेजमध्ये छोट्या वल्ह्याच्या होड्या करत होते. ट्रायटनची किंमत दहा हजार डॉलरच्या आत ठेवलेली. प्रदर्शन संपेपर्यंत १७ होड्या नोंदल्या गेल्या. लवकरच या भावांनी ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावातली हेरेशॉफ घराण्याची जुनी गोदी घेतली. अमेरिकाज कप राखणाऱ्या देखण्या लाकडी नौका जिथे बांधल्या गेल्या, तिथे आता काचेच्या होड्या साच्यातून निघू लागल्या!

काचेच्या म्हणजे फायबरग्लासच्या. ही काच मुळात होड्यांसाठी आलीच नव्हती. १९३२ मध्ये ओहायोत काचेच्या विटा सांधण्याचा प्रयोग चालला असताना डेल क्लाइस्ट यांच्याकडून वितळत्या काचेवर हवेचा जोरदार झोत पडला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. १९३८ मध्ये या तंतूंसाठी वेगळी कंपनीच निघाली. मग त्यात पॉलिएस्टर रेझिन भिनवून कडक कवच करता येतं हे ध्यानात आलं आणि १९४२ मध्ये टोलेडोच्या रे ग्रीन यांनी त्याची छोटी होडी करून दाखवली. महायुद्ध संपल्यावर हे तंत्र बाहेर पसरलं.

लोकांना त्यात काय आवडलं, हे समजायला लाकडी होडी आठवावी. दरवर्षी वर ओढा, खरवडा, फळ्यांच्या फटींत कापूस खोचा, लांबी भरा, रंगवा. वर समुद्रात लाकूड पोखरणारे किडे आहेतच. फायबरग्लासला फटीच नाहीत. कुजणं नाही, किडा नाही. शनिवार-रविवार मोकळा मिळणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला आणखी काय हवं? ट्रायटन पुढच्या आठ-नऊ वर्षांत सातशेच्या वर बनल्या.

माझा भाचा ऱ्होड आयलंडमध्ये नोकरीला असतो. त्याने तिथे अशीच एक साठीच्या दशकातली ट्रायटन घेतली. फोनवर म्हणाला, "मामा, होडी कमी आणि पॉलिश पेपर जास्त विकत घेतलाय मी." मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण शिवाजी महाराजांच्या आरमारापलीकडे नौकांचा विचार कधी केला नव्हता. त्याच्या फोटोंमुळे वाचायला लागलो आणि अडकलो. असो.

तर आधी ही होडी कशी बनते ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. साचा मेण लावून आरशासारखा घासतात. त्यात पहिला थर फवारतात तो रंगीत जेलकोटचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यावर आतून काचेच्या चटया आणि रेझिन, थरावर थर. वाळलं की साच्यातून काढायचं. म्हणजे लाकडी होडीत आधी होडी आणि शेवटी रंग; इथे आधी रंग आणि मागून होडी! मला याची फार गंमत वाटली. पण पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळही इथेच आहे. तो अर्धा मिलिमीटर एकदाच मिळतो.

उन्हाने जेलकोट पिकतो. हात फिरवला तर बोटांना पांढरी भुकटी लागते. मालक पॉलिश करतो, चकाकी येते, दोन-तीन वर्षांत पुन्हा भुकटी. प्रत्येक पॉलिशला थर थोडा झिजतो. वीस-पंचवीस वर्षांनी पॉलिश करायला खाली काही उरतच नाही आणि काचेची वीण दिसू लागते. 'देखभाल नको' म्हणून घेतलेल्या होडीला शेवटी रंग लावावाच लागतो. मूळ खरेदीदारांतल्या कितीजणांनी हा हिशेब केला असेल?

१९७० च्या दशकात विमानांना लावतात तसले दोन भागांचे पॉलियुरेथेन रंग होड्यांसाठी आले, तेव्हा या जुन्या होड्यांना दुसरा जन्म मिळाला. पण काम चिकाटीचं. पहिली पायरी घासण्याची नाहीच, धुण्याची आहे. जुनं मेण आधी द्रावणाने पुसून काढायचं. तसंच घासलं तर मेण ओरखड्यांत दाबलं जातं आणि वरचा रंग धरत नाही. मग खड्ड्यांत इपॉक्सीची लांबी. ती सपाट करायला हातभर लांब लवचिक फळीला पॉलिश पेपर लावून तिरकं घासायचं. आखूड ठोकळा खड्ड्याच्या आत शिरतो, लांब फळी उंचवटाच पकडते. मग प्रायमर, पुन्हा घासणं. ८० नंबरचा कागद, मग १२०, २२०, ३२०. शेवटी रंग, तो दोघांनी मिळून. एक पुढे रोलरने पातळ थर देत जातो, दुसरा लगेच मागून ब्रशच्या नुसत्या टोकाने बुडबुडे मोडत जातो. थांबायचं नाही, मागे वळून दुरुस्ती करायची नाही. ऊन नको, वारा नको, दव तर नकोच. हा रंग फवारला तर त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक, म्हणून घरगुती माणसाने फवाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. रोलरनेही मुखवटा हवाच. भाच्याच्या मागे ब्रश घेऊन त्याची बायको होती. दोघं त्या दिवशी नंतर बराच वेळ एकमेकांशी बोलली नाहीत म्हणे.

घासताना त्याला निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली हिरवा आणि सर्वांत खाली फिकट मूळ जेलकोट लागला. एकेक मालक एकेका रंगात दडलेला. उत्खननच ते!

पाण्याखालच्या भागाचं दुखणं वेगळं. १९८० च्या सुमाराला होड्यांच्या बुडावर फोड दिसू लागले. फोडला की आंबूस वासाचं पाणी येई. मालकांत घबराट पसरली. १९७३ च्या तेलटंचाईत हलकं रेझिन वापरलं म्हणून असं झालं, अशीही समजूत रूढ झाली. पण त्याआधीच्या होड्यांनाही फोड आलेले आहेत. शेवटी अमेरिकन तटरक्षक दलाच्या पैशाने ऱ्होड आयलंड विद्यापीठात अभ्यास झाला आणि १९८७ मध्ये अहवाल आला. जेलकोट पाणी पूर्णपणे अडवत नाही. पाण्याचे रेणू हळूहळू आत झिरपतात, रेझिनमधले विरघळणारे अंश त्यात मिसळतात, ते दाट द्रावण आणखी पाणी ओढून घेतं आणि दाब वाढून फोड येतो. लोणच्यासाठी मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटतं, त्याच जातीचा खेळ. उपाय म्हणजे खराब थर काढायचा, होडी महिनोन्‌महिने सुकू द्यायची आणि मग इपॉक्सीचे थर द्यायचे. यातलं सुकवणंच लोकांना जमत नाही. घाईने बंद केलेला ओलावा पुन्हा फोड काढतो.

त्यावर शेवाळ आणि कवचाचे जीव बसू नयेत म्हणून विषारी रंग. तांब्याची ही युक्ती जुनी, ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये एचएमएस अलार्मचं बूड तांब्याने मढवलं होतं. विसाव्या शतकात ट्रायब्युटिलटिनचा रंग आला. तो इतका जालीम की फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीतली कालवं बिघडली आणि १९८२ मध्ये तिथे लहान होड्यांवर त्याला बंदी आली. हौशी माणसाच्या होडीचं बूड स्वच्छ राहावं म्हणून कालवं वाढवणाऱ्याचं पोट मारायचं, हे मला पटत नाही. आता पुन्हा तांब्याचे रंगच जास्त चालतात. तेही निर्दोष नाहीत, त्यांची धूळ घासताना उडू द्यायची नसते.

एवढा खटाटोप का करायचा, तर दुसरी वाट वाईट आहे म्हणून. लाकडी होडी सोडून दिली तर काही पावसाळ्यांत तिची माती होते. काचेची होडी सोडून दिली तर ती तशीच पडून राहते. वितळवता येत नाही, नीट जाळता येत नाही, कापून पुरावी लागते. फ्रान्सने २०१९ पासून जुन्या हौशी नौका मोडीत काढण्याची देशव्यापी व्यवस्था सुरू केली. बाकी ठिकाणी गोद्यांच्या मागच्या अंगणात त्या गवतात उभ्या आहेत.

आणि उलटही आहे. २०१८ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नियमच असा की नौकेचा आराखडा १९८८ पूर्वीचा आणि तळकणा लांब हवा. आपल्या नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी २०१८ ला गोव्यात बांधलेली लाकडी 'तुरिया' घेऊन उतरले होते. हिंदी महासागरात डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर दुखापत झाली. पुढच्या खेपेला ते फायबरग्लासची, जुन्या आराखड्याची रसलर ३६ घेऊन निघाले आणि एप्रिल २०२३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून दुसरे आले.

भाच्याची होडी नॅरागान्सेट बेच्या बाहेर जाणार नाही. उजवी बाजू मागच्या मे महिन्यात झाली. डावी अजून हिरवीच आहे.