दिसणे : पापणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास
मराठीत ‘दिसणे’ या एकाच क्रियापदात दोन अर्थ नांदतात : मला दिसते, आणि मी दिसतो. पापणीवरच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पहिल्या अर्थाकडून दुसऱ्याकडे गेलेला आहे.

पापणीचे केस डोळ्याला टोचू लागले तर वरच्या पापणीची जवाच्या आकाराची कातडी कापून जखम केसाने शिवावी, असे सुश्रुतसंहितेचे उत्तरतंत्र सांगते. पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससनेही सैल पापणीची कातडी कापण्याची कृती लिहून ठेवली. दोन्हीकडे काळजी डोळ्याची होती. १८१८मध्ये जर्मन शल्यविशारद ग्रेफ यांनी ‘ब्लेफरोप्लास्टी’ हा शब्द वापरला, तोही रोगात गमावलेली पापणी पुन्हा घडवण्यासाठी.

विसाव्या शतकात सुरी वयाकडे वळली. पॅरिसच्या डॉ. सुझान नोएल यांनी पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या चेहऱ्यांवर उपचार केले होते. सुरकुतलेले चेहरे आणि ओघळलेल्या पापण्याही त्या सुधारत. स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या लढत होत्या. १९२६च्या आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच त्यांनी सौंदर्यशस्त्रक्रियेची ‘सामाजिक भूमिका’ नोंदवली. पोटासाठी राबणाऱ्या बाईचे काम चेहऱ्यावरच्या वयामुळे जात असेल, तर ही शस्त्रक्रिया चैन नव्हे, गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या काळात ते खरेच होते. त्यातली दुखरी बाजूही तितकीच खरी. बाईने पापणी कापून घेतली, तिची नोकरी टिकली. वय पाहून काम नाकारणाऱ्या मालकाला मात्र काहीच बदलावे लागले नाही.