भत्ता कुणाला आणि सेवाभाव कुणाला? महारवतनापासून आशाच्या मोबदल्यापर्यंत

अंबड एमआयडीसीत काम करणाऱ्या पोराला पीस रेट म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. नग मोजायचे आणि पैसे घ्यायचे. कच्चा माल आला नाही, लाइट गेली, मशीन बंद पडलं तर तो दिवस कामगाराच्या खिशातून जातो. कंपनीचं काहीच जात नाही. पण हाच पीस रेट सरकारच्या आरोग्य खात्यात राजरोस चालतो आणि तिथे त्याला ‘कामावर आधारित मोबदला’ असं सोज्वळ नाव आहे, हे आमच्या चळवळीतल्या किती जणांना माहीत आहे? ‘आशा’ला आपण ताई म्हणतो, जयंतीच्या स्टेजवर शाल-श्रीफळ देतो. तिला पैसे कसे मिळतात हे मात्र विचारत नाही.

गावात डॉक्टर का टिकत नाही, त्याला टिकवायला काय द्यावं, हा प्रश्न शंभर वर्षांचा आहे. मद्रास प्रांताने १९२४ पासून खेड्यात दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरांना सरकारी अनुदान द्यायला सुरुवात केली. मुंबई इलाख्यातही असे अनुदानित डॉक्टर होते. १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल दिला. डॉक्टर शहरात गर्दी करतात आणि खेडी कोरडी राहतात, हे तिने स्पष्ट मांडलं. पूर्णवेळ पगारी डॉक्टर नेमा, त्यांची खासगी प्रॅक्टिस बंद करा, असा तिचा आग्रह होता. त्यातला पगार आला, खासगी प्रॅक्टिस काही गेली नाही. पुढे व्यवसायरोध भत्ता आला, एमबीबीएसला एक वर्षाची बंधपत्रित सेवा आली आणि ती न केल्यास दहा लाखांचा दंड आला. दुर्गम भागात सेवा केली तर पदव्युत्तर प्रवेशात फायदा मिळू लागला. यातला प्रत्येक उपाय एकच गोष्ट गृहीत धरतो: हा माणूस निघून जाऊ शकतो, म्हणून त्याला थांबवायचं तर किंमत मोजावी लागेल.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला तिथे असेपर्यंत एक पायरी वरची वेतनश्रेणी, ज्याला सगळे ‘एकस्तर’ म्हणतात, आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता, किमान २०० आणि कमाल १५०० रुपये. आमच्या नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात या निर्णयाला मोल आहे. आम्ही त्याच्या विरोधात नाही. सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी डिसेंबर २०२२ मध्ये आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या म्हणून मागणी केली, त्यामागे रस्ते, पाणी आणि दवाखाना हीच दुखणी होती. अशा ठिकाणी राहणाऱ्या डॉक्टरला, नर्सला जास्तीचे चार पैसे मिळालेच पाहिजेत. राहायला नीट क्वार्टरही मिळालं पाहिजे.

आता एक पायरी खाली या. १९९५ च्या नवसंजीवनी योजनेत आदिवासी पाड्यांवर भरारी पथकाचे डॉक्टर नेमले गेले, बहुतेक बीएएमएस. त्यांचं नाव ‘मानसेवी’. मान आणि सेवा हे दोन्ही शब्द त्यात आले, पगार मात्र आला नाही. वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर त्यांनी पावसाळ्यात पाडे तुडवले. ते मानधन महिना २४,००० वरून ४०,००० रुपये व्हायला कोरोना यावा लागला.

आणि सगळ्यात खालची पायरी आशाची. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. हजार लोकसंख्येमागे एक आशा, आदिवासी भागात त्याहून कमी वस्तीलाही एक. तिच्या निवडीचे निकष नीट वाचा. ती त्याच गावची रहिवासी हवी. विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित. वय साधारण २५ ते ४५. अविवाहित मुलगी शक्यतो नको, कारण ती लग्न होऊन जाईल. म्हणजे सरकारने ‘टिकवण्याचा’ प्रश्न इथे निवडीतच सोडवून टाकला. बाईला गावाशी बांधून ठेवण्याचं काम लग्नाने आधीच करून ठेवलंय, मग भत्ता कशाला? डॉक्टर पळून जाऊ शकतो म्हणून त्याला एकस्तर. आशा पळून जाऊ शकत नाही म्हणून तिला सेवाभाव.

ही युक्ती नवी नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी ती भोगली आहे, तिचं नाव वतन.

महारवतन म्हणजे काय होतं? इनामाचा एक तुकडा, रयतेकडून बलुतं आणि सरकारकडून नावापुरती रोकड. त्या बदल्यात चावडीवरची हाक, टपाल पोचवणं, साहेबाच्या घोड्यापुढे पळणं, दवंडी, हद्दीची राखण. कामाला तास नव्हते. येसकर पाळीवर असलेला माणूस आजारी पडला तर त्याचा बाप जाई, भाऊ जाई, नाहीतर बायको जाई. पण काम थांबत नसे. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. वतनदार महाराला पिळवणुकीतून सुटका हवी असेल तर ती मिळावी, त्याने पूर्ण सारा भरून जमीन ठेवावी, आणि बलुत्याऐवजी पैशात कर वसूल होऊन त्यातून रोख मोबदला मिळावा, असा त्याचा रोख होता. विधेयक पास झालं नाही. १९३७ मध्ये त्यांनी पुन्हा विधेयक आणलं. १९४१ च्या ऑगस्टमध्ये, वतनी जमिनीवरच्या वाढीव आकारणीविरुद्ध, आमच्याच जिल्ह्यात सिन्नरला वतनदार महारांची परिषद झाली आणि बाबासाहेब तिथे आले. अंबडहून सिन्नर तासाभराच्या अंतरावर आहे. काळारामाचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा आम्ही दरवर्षी आठवतो. सिन्नर मात्र क्वचितच कुणाच्या भाषणात येतं.

बाबासाहेबांना विरोध फक्त सवर्णांनी केला असं नाही. आपल्यातल्याही काही वतनदारांना भीती होती की वतन गेलं तर जमिनीचा तुकडा जाईल, गावातला ‘मान’ जाईल. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पोटाला दुसरं काही नव्हतं. पण बाबासाहेबांनी ओळखलं होतं की ‘मान’ हा शब्द जिथे रोकडीच्या जागी येतो तिथे काहीतरी लुटलं जात असतं. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनं कागदावरून गेली.

वतन गेलं, वतनाची रीत राहिली. गावच्या बाळंतपणाचंच घ्या. अनेक गावांत सुईण मांगाची किंवा महाराची असे. नाळ कापणं, वार पुरणं म्हणजे विटाळाचं काम, ते तिच्याकडे. मोल काय, तर लुगडं-चोळी, खोबऱ्याची वाटी, पायली-दोन पायली धान्य. तिचं ज्ञान कुणी ज्ञान मानलं नाही आणि तिचं काम कुणी नोकरी मानली नाही. २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने गावोगाव आरोग्यरक्षक नेमायची योजना आणली, लोकांचं आरोग्य लोकांच्या हाती अशी भाषा केली आणि त्या माणसाला महिना ५० रुपये मानधन दिलं. नावं बदलत गेली, कधी स्वयंसेवक, कधी मार्गदर्शक. पगारी नोकर असं नाव मात्र कधीच नव्हतं.

आशाचा हिशेब बघा. ग्रामीण भागात गरोदर बाईच्या तपासण्या आणि दवाखान्यातलं बाळंतपण मिळून ६०० रुपये, अर्धे तपासण्यांचे, अर्धे प्रसूतीचे. नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा फेऱ्या केल्या की २५० रुपये. एका फेरीला ४२ रुपयेसुद्धा पडत नाहीत. आता प्रत्यक्ष काय होतं? पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे पद्धत. सात-आठ महिने पाठपुरावा सासरच्या गावातल्या आशाने केला, प्रसूतीचे पैसे तिच्या हातून गेले. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर नाहीतर नाशिकच्या बांधकामांवर येतात, गरोदर बाईही सोबत येते. पाड्यावरच्या आशाचा नग असा वाटेतच हरवतो. रात्री गाडीत बसून सिव्हिलपर्यंत जाणं, तिथे बाकड्यावर जागणं, घरी तिच्या स्वतःच्या लेकरांनी उपाशी झोपणं, हे कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आमच्या समाजशास्त्राच्या वर्गात ‘प्रोत्साहन’ ही संकल्पना तटस्थ म्हणून शिकवली जाते: पैसे द्या, वागणूक बदलते. हे अर्धसत्य आहे. २००५ नंतर दवाखान्यातली बाळंतपणं वाढली आणि त्यात आशाचा वाटा मोठा आहे, हे कुणी नाकारू नये. प्रश्न असा की वरच्या पायरीवर प्रोत्साहन हे पगाराच्या वर मिळतं आणि खालच्या पायरीवर ते पगाराच्या जागी मिळतं. शब्द एकच, व्यवहार दोन. ठरलेला पगार दिला तर या बायका सरकारी नोकरासारख्या आळशी होतील, असं म्हणणारे विद्वान आम्हाला भेटतात. एकस्तर घेणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल त्यांच्या तोंडून हे कधी निघत नाही. कष्टकऱ्याला उपाशी ठेवलं तरच तो काम करतो, ही मनूची समजूत आता मॅनेजमेंटच्या भाषेत बोलते, एवढाच फरक.

कायद्याची बाजूही बघू. संविधानाचं कलम २३ वेठबिगारीला बंदी करतं. १९८२ मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करायला लावणं हीदेखील सक्तीची मजुरी आहे. भूक हीसुद्धा सक्तीच असते. मग आशाला हे का लागू होत नाही? कारण ती कागदावर ‘कामगार’ नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. एका शब्दाने अख्खा कामगार कायदा दाराबाहेर ठेवला. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने, जिथे सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघेही बसतात, योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. २०१५ च्या ४६ व्या परिषदेने तेच पुन्हा म्हटलं. त्यानंतर परिषदच भरलेली नाही.

जे काही मिळालं ते लढून मिळालं. केंद्राचा ठरावीक मासिक मोबदला २०१३ मध्ये १,००० होता, तो ऑक्टोबर २०१८ पासून २,००० झाला. कोरोनात दारोदार फिरायला केंद्राने महिना १,००० रुपये जादा दिले, दिवसाचे ३३ रुपये. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आशांना पुरस्कार दिला तेव्हा सगळ्या नेत्यांनी अभिनंदनाचे संदेश टाकले. त्याआधी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठे १,००० रुपये वाढ आणि ५०० कोरोना भत्ता पदरात पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप. नोव्हेंबरात ७,००० रुपये वाढीचं आश्वासन मिळालं, पण शासन निर्णय निघेना. जानेवारी २०२४ मध्ये परत संप, फेब्रुवारीत आझाद मैदानावर मुक्काम. १४ मार्च २०२४ ला शासन निर्णय निघाला तो ५,००० चा. आश्वासनातले दोन हजार वाटेत कुठे गेले, त्याचं उत्तर मैदानावर बसलेल्या बायांना कुणी दिलं नाही.

त्या मैदानावर झेंडे प्रामुख्याने लाल होते. आमचं म्हणणं इथे थोडं कडू लागेल. आशांमध्ये आपल्या वस्तीतल्या बायका कमी नाहीत, तरी निळा झेंडा तिथे शोधावा लागला. हा आपला प्रश्न नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मनमाड आठवावं. फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. तेही याच जिल्ह्यात. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरच्या मुंबईतल्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांबरोबर रस्त्यावर होता. मतभेद त्या वेळीही होते, पण ते बाजूला ठेवून बाबासाहेब उतरले. आजचे काही वाचक लिहितील की लाल बावट्याला जात दिसत नाही. बरोबर आहे, पुष्कळदा दिसत नाही. म्हणूनच तिथे आपण असायला हवं. आशा दलित असली की काही घरांत तिला उंबऱ्याबाहेरूनच बाळ दाखवलं जातं, आणि फेरीच्या फॉर्मवर मात्र ‘बाळ तपासले’ असं लिहावं लागतं. ही गोष्ट संपाच्या मागणीपत्रात आपल्याशिवाय कोण घालणार?

शाल-श्रीफळाचा कार्यक्रम करायचा तर करा, पण विहारात त्याच दिवशी आशांना त्यांच्या मोबदल्याचे फॉर्म घेऊन बोलवा आणि आपल्यातल्या शिकलेल्या पोरांना हिशेबाला बसवा. तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाका. मागच्या बारा महिन्यांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला मोबदल्यापोटी किती रक्कम आली, ती कोणत्या तारखेला आली, आणि आशांच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा झाली, एवढंच विचारा. किती दावे नामंजूर झाले आणि कोणत्या कारणाने, हेही मागा. अर्जाची फी दहा रुपये आहे. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे करायचं.