मुलाचा तीव्र इसब : मदत कुठे मागायची आणि अ‍ॅलर्जी टेस्ट कधी करायची?

लहान मुलांच्या इसबाला डॉक्टर अ‍ॅटोपिक डर्मटायटिस म्हणतात. बाळ काही महिन्यांचे असताना गालांवर लाल, खरखरीत चट्टे येतात. रांगायला लागले की ते हातापायांवर पसरतात आणि पुढे कोपराच्या व गुडघ्याच्या घडीत मुक्काम ठोकतात. सौम्य इसब बऱ्याच मुलांना होतो आणि साध्या मलमाने आटोक्यात राहतो. तीव्र इसबाची गोष्ट वेगळी. मूल रात्रभर खाजवते, चादरीवर रक्ताचे डाग पडतात, आई-वडिलांची झोप उडते. मग आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच विचारतात : "कशाचे तरी वावडे असेल, अ‍ॅलर्जी टेस्ट केली का?"

प्रश्न स्वाभाविक आहे. पण बहुतेक मुलांच्या बाबतीत टेस्ट ही पहिली पायरी नसते. त्वचेचा उपचार नीट झाल्याशिवाय केलेली टेस्ट उत्तर देण्याऐवजी गोंधळच वाढवते, आणि त्याची किंमत मुलाच्या ताटातून वसूल होते.

अ‍ॅलर्जीमुळे इसब, की इसबामुळे अ‍ॅलर्जी?

त्वचेचा वरचा थर घट्ट राखायला फिलॅग्रिन नावाचे प्रथिन लागते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्यांना इसब होण्याची शक्यता खूप वाढते. प्रत्येक रुग्णात हा दोष असतो असे नाही, पण त्यामुळे आजाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. भिंतीचा गिलावा सुटला की बाहेरची ओल आत शिरते, तसेच इथे होते. त्वचेतला ओलावा उडून जातो आणि धूळ, साबण, जंतू, अन्नाचे कण आत शिरतात. शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना शत्रू समजू लागते.

म्हणजे पुष्कळदा आधी इसब असतो आणि अ‍ॅलर्जी त्याच्या मागून येते. २००३ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासात, सुजलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमे लावलेल्या बाळांमध्ये पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त आढळली. आपल्याकडे बाळाला डाळीचे पीठ आणि दूध लावून अंघोळ घालतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. निरोगी त्वचेला एक वेळ चालून जाईल, पण फुटलेल्या, ओलसर त्वचेवर अन्नपदार्थ चोळू नयेत. मोहरीच्या तेलाची मालिशही टाळावी, ते त्वचेला झोंबते.

आधी तो इसबच आहे ना?

हे विचारायलाच हवे, कारण खरूज आणि इसब यांची गल्लत नेहमी होते. घरात आणखी कोणाला खाज आहे, ती रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत किंवा बाळाच्या तळहात-तळपायांवर बारीक पुटकुळ्या आहेत, असे असेल तर खरजेचा संशय घ्यावा. तिचा उपचार वेगळा असतो आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचा असतो. गोल, कडेने वाढत जाणारा चट्टा गजकर्णाचा असू शकतो.

दुकानातून आणलेली "तीन औषधे एकत्र" असलेली ट्यूब इथे घोळ घालते. तिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि अँटिबायोटिक असे मिश्रण असते. लावल्यावर चार दिवस बरे वाटते, मग आजार रूप बदलून परत येतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरी अशा ट्यूब काउंटरवर मिळतातच, हे आपण सगळे जाणतो. लेबल नसलेल्या "शंभर टक्के वनस्पतीजन्य" मलमांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणेही आहेत.

डॉक्टरांकडे जाताना

ताप-सर्दीसारखे "बघू दोन दिवस" इथे चालत नाही. झोप मोडते आहे, चट्टे पाझरत आहेत किंवा साध्या उपचाराने दोन-तीन आठवड्यांत फरक नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडून त्वचारोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी. खासगी तपासणी परवडत नसेल तर शासकीय आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो : मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो. रांग लांब असते, पण तीव्र इसबाचे रुग्ण तिथे रोज पाहिले जातात. "अ‍ॅलर्जी तज्ज्ञ" ही पाटी वाचून जाणार असाल तर खालची मूळ पदवी पाहा. एमडी बालरोग, त्वचारोग किंवा छातीविकार अशी ती असावी.

दहा मिनिटांच्या भेटीत "खूप खाजवतो" एवढेच सांगून उपयोग होत नाही. नॉटिंगहॅम विद्यापीठात तयार झालेली पोएम नावाची सात प्रश्नांची पद्धत घरी वापरता येते. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, किती रात्री झोप मोडली, किती दिवस रक्त आले, पाणी पाझरले, त्वचा भेगाळली, पापुद्रे निघाले, कोरडी-खरखरीत राहिली? प्रत्येकाला एकही दिवस नाही तर ०, एक-दोन दिवस १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३ आणि रोज असेल तर ४ गुण. एकूण २८ पैकी १७ किंवा जास्त म्हणजे तीव्र इसब. दर आठवड्याला हा आकडा कॅलेंडरवर लिहिला की उपचाराचा उपयोग होतो आहे का, ते कळते. सोबत भडकलेल्या दिवसांचे फोटो आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब न्याव्यात, लाज वाटणाऱ्यासुद्धा.

उपचार फसला, की पुरेसा झालाच नाही?

"सगळे करून पाहिले" म्हणणाऱ्या पालकांना मलमाची एक ट्यूब किती दिवस पुरते असे विचारले, तर उत्तर बहुधा "महिनाभर" असते. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागते. आपण ५० ग्रॅमची ट्यूब पुरवून पुरवून वापरतो. महागडे लागतेच असे नाही. बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली चालते, खोबरेल तेलही बऱ्याच मुलांना मानवते. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. अंग टिपून लगेच जाडसर थर, आणि दिवसातून आणखी एक-दोनदा. एक सावधगिरी मात्र हवी. पॅराफिन किंवा जेली मुरलेले कपडे, पांघरुणे चटकन पेट घेतात, धुतल्यावरही. मुलाला गॅस, निरांजन, फटाक्यांपासून दूर ठेवा.

बोअरच्या जड पाण्याला दोष देणारे पुष्कळ असतात. जड पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतो हे खरे. पण ब्रिटनमध्ये ३३६ मुलांच्या घरी पाणी मऊ करणारे यंत्र बसवून केलेल्या चाचणीत (२०११) इसबात फरक पडला नाही. त्या यंत्राचे पैसे वाचवा.

सूज उतरवायला स्टेरॉइड मलम लागते, आणि इथेच घरात भांडणे होतात. चुकीच्या ताकदीचे, महिनोन्‌महिने लावलेले स्टेरॉइड त्वचा पातळ करते, ही भीती खरी आहे. पण भीतीपोटी टिकलीएवढे लावले तर सूज कधीच पूर्ण उतरत नाही आणि मलम उलट जास्त दिवस लागते. मापासाठी मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढावी. ती सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्यांच्या दोन पंजांएवढ्या भागाला पुरते. एक-दोन वर्षांच्या मुलाच्या एका अख्ख्या पायाला अशा दोन रेघा लागतात. चेहऱ्यासाठी सौम्य, अंगासाठी मध्यम, ही निवड डॉक्टरांची. चट्टे गेल्यावरही काही आठवडे, वारंवार भडकणाऱ्या जागी आठवड्यातून दोनदा लावण्याची पद्धत आहे, तिच्याबद्दल विचारा. चेहरा, पापण्या अशा नाजूक जागी दोन वर्षांवरील मुलांना टॅक्रोलिमस हे बिनस्टेरॉइड मलम देता येते.

एवढे मनापासून करूनही आकडा १७ च्या खाली येत नसेल, तर पुढची पायरी असते : ओल्या कपड्याच्या पट्ट्या, प्रकाशोपचार, मेथोट्रेक्सेट किंवा सायक्लोस्पोरिन. डुपिलुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०२२ मध्ये सहा महिन्यांवरील बाळांसाठी परवानगी मिळाली. ते महाग आहे, पण त्याची चौकशी करणे हा तुमचा हक्क आहे.

मग अ‍ॅलर्जी टेस्ट कधी?

एखादी गोष्ट खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे, उलट्या, खोकला किंवा घरघर यांपैकी काही झाले असेल, तर त्या विशिष्ट पदार्थाची टेस्ट करायलाच हवी. लहान बाळाचा तीव्र इसब व्यवस्थित उपचार करूनही हटत नाही, वजन वाढत नाही, शौचातून रक्त जाते, अशा वेळीही अन्नाचा विचार होतो. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयात मध्यम ते तीव्र इसब असलेल्या ६३ मुलांची तपासणी झाली, त्यांतल्या सुमारे ३७ टक्के मुलांना खरोखर अन्नाची अ‍ॅलर्जी होती. मोठ्या रुग्णालयात पोहोचलेली ही मुले होती, त्यामुळे हे प्रमाण प्रत्येक इसबाला लागू नाही. आणि अ‍ॅलर्जी असली तरी इसब तिच्यामुळेच आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

टेस्टचे दोन विश्वासार्ह प्रकार आहेत. स्किन प्रिक टेस्टमध्ये हातावर किंवा पाठीवर पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून त्वचा हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गाठ मोजतात. ३ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. त्याआधी साधारण आठवडाभर अँटिहिस्टामिन औषध बंद ठेवावे लागते आणि टोचायला चांगली त्वचा शिल्लक असावी लागते. अंगभर चट्टे असतील तर रक्तातील विशिष्ट आयजीई तपासतात. पाठीवर पट्ट्या लावून दोन ते चार दिवसांनी वाचायची पॅच टेस्ट वेगळी. ती मलम, वास, धातू, रबर यांच्या संपर्काने होणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी असते. नेमके मलम लावले की मूल जास्त भडकत असेल तर ती उपयोगी पडते.

आता अहवाल कसा वाचायचा. पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई बनवले आहे. ते खाल्ल्यावर त्रास होईलच असे नाही. बंगळुरू आणि म्हैसूर भागातील प्रौढांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले. अन्नाची अ‍ॅलर्जी मात्र जेमतेम १.२ टक्के लोकांना होती. इसब असलेल्या मुलांत तर आयजीई एरवीच वाढलेले असते. "टोटल आयजीई" जंतांमुळेही वाढते. म्हणून शंभर-दोनशे पदार्थांचे पॅनेल करून घेऊ नये. त्यात दहा-पंधरा पदार्थ पॉझिटिव्ह येतात आणि मूल पेजेवर येते. अन्नाची आयजीजी टेस्ट ही अ‍ॅलर्जीची टेस्टच नव्हे. आयजीजी म्हणजे तो पदार्थ खाल्ला जातो याची नोंद. केसांच्या नमुन्यावरून अ‍ॅलर्जी सांगणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.

शंका उरली तर शेवटचा शब्द असतो फूड चॅलेंजचा. रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली, पदार्थ थोडा थोडा वाढवत खाऊ घालून पाहतात. हा प्रयोग घरी करू नये.

ताटातून काय काढायचे?

वांगे, आंबट, तूरडाळ, दूध, अंडी, मासे... घरोघरची पथ्याची यादी बहुधा अशीच असते. आंबटाने तोंडाभोवतीची त्वचा चुरचुरते, पण ती अ‍ॅलर्जी नव्हे. जेवणाआधी ओठांभोवती जेली लावली की झाले.

दूध, अंडी, गहू एकदम बंद केल्याने वाढ खुंटते, हा एक धोका. दुसरा कमी लोकांना माहीत असतो. एखादा पदार्थ नेहमी खाणाऱ्या, पण टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या इसबाच्या मुलाचा तो पदार्थ अनेक महिने तोडला, तर शरीराची सवय मोडते आणि पुन्हा दिल्यावर कधी कधी गंभीर रिअ‍ॅक्शन येते. पूर्वी जे निमूट पचत होते तेच जिवावर बेतू शकते. म्हणून पदार्थ बंद करायचा तो डॉक्टरांशी बोलून, एका वेळी एकच, दोन ते चार आठवडे. फरक नसेल तर ठरल्याप्रमाणे परत सुरू. अंगावर पाजणाऱ्या आईच्या पथ्यालाही हाच नियम.

उलट दिशेचा पुरावा जास्त भक्कम आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील २०१५ च्या लीप अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे होती. ज्यांना लवकर आणि नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. तीव्र इसबाच्या बाळाला शेंगदाणा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आधी टेस्ट करण्याचा खरा उपयोग इथे आहे. आपल्या स्वयंपाकघरात कूट असतेच. अगदी बारीक करून पेजेत किंवा खिमटीत मिसळावे. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, तो घशात अडकतो.

थांबू नये अशी चिन्हे

ताप आणि चट्ट्यांवर एकसारख्या, मध्ये खड्डा असलेल्या, दुखऱ्या पुटकुळ्या झपाट्याने पसरत असतील, तर तो नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, डोळ्याजवळ असेल तर तासाभरात. पिवळसर खपल्या, पू, गरम लाल त्वचा ही जिवाणू संसर्गाची खूण, त्यासाठीही त्याच दिवशी दाखवावे. खाल्ल्यानंतर श्वास लागला, आवाज बसला, मूल मलूल पडले, तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. तिथे मांडीत अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. अँटिहिस्टामिनचे सिरप पाजून वाट पाहत बसू नका. त्याने गांधी उतरतात, श्वास मोकळा होत नाही.