आरंभीच्या रेषा आणि धागे

पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानांवरील कथा डोळ्यांसमोर आणा म्हटले, तर आपल्यापैकी बहुतेकांना बाग दिसते, झाड दिसते, झाडाखाली आदाम व एवा दिसतात आणि फांदीला वेटोळे घालून बसलेला सर्प दिसतो. धर्मशिक्षणाच्या वर्गातील रंगीत चित्रांनी आपल्या नजरेवर केलेला हा संस्कार आहे. परंतु उत्पत्तीचा पहिला अध्याय सावकाश वाचला, तर पहिल्या दोन दिवसांत चितारण्याजोगा एकही जीव नाही, असे आढळून येते. पहिल्या दिवशी प्रकाश अंधारापासून वेगळा होतो. दुसऱ्या दिवशी अंतराळ निर्माण होऊन वरचे पाणी व खालचे पाणी विभागले जाते. तिसऱ्या दिवशी पाणी एके ठिकाणी गोळा होते, कोरडी भूमी वर येते आणि मग कोठे हिरवा कोंब दिसतो. देवाचे हे आरंभीचे कार्य म्हणजे भाग पाडणे, सीमा आखणे. ते चित्रात उतरवायचे तर चेहरे कामी येत नाहीत, रेषा लागते.

ख्रिस्ती कलेला ही गोष्ट फार पूर्वी उमगली होती. स्पेनमधील जिरोना येथील कॅथेड्रलमध्ये अकराव्या शतकाच्या सुमाराचे एक भरतकाम जपून ठेवले आहे. त्याची रुंदी साडेचार मीटरांहून अधिक, उंची साडेतीन मीटरांहून अधिक. लोकरी कापडावर लोकरीच्याच रंगीत धाग्यांनी त्यात विश्वाची उत्पत्ती भरलेली आहे. मध्यभागी एका लहान वर्तुळात ख्रिस्त, त्याभोवती मोठे वर्तुळ आणि त्या वर्तुळाचे आठ खंड. एका खंडात पाण्यावर तरंगणारा आत्मा कबुतराच्या रूपाने, दोहों बाजूंस अंधाराचा व प्रकाशाचा दूत, पुढे पाण्याची विभागणी, पक्षी व मासे, प्राण्यांना नावे देणारा आदाम. आकृती पुष्कळ आहेत. परंतु कथेला आकार दिला आहे तो वर्तुळाने व त्रिज्यांनी. भूमितीच येथे निवेदकाचे काम करते.

आपल्या मराठीत ही कथा ओव्यांतून आली. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले आणि त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती देशी छंदात अवतरली. शब्दांना देशी वेष मिळाला. चित्रांना तो मिळण्यास मात्र आणखी तीन शतके लागली, आणि तो देणाऱ्याला किंमत मोजावी लागली. या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय पुण्यात घडला.

आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हा गोव्याचा कॅथलिक तरुण शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या परंपरेत घडला. परत येऊन त्याने देवमाता मरियेला लुगडे नेसवले, तेव्हा गोव्यातील आपल्याच समाजातून त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्याने गोवा सोडला. त्याला आसरा मिळाला तो शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. १९२२ साली स्थापन झालेला हा संघ जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूचा होता. कॅथलिक चित्रकाराला घर दिले ते अँग्लिकन बांधवांनी, ही गोष्ट आपण विसरू नये. पुण्यातच त्याचा अंत झाला. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. ज्या भूमीने दूर लोटले, तिनेच अखेर ठेवा सांभाळला. पण चित्रकाराच्या हयातीत नव्हे.

फोन्सेकाने वेष बदलला, आकृती राखली. त्याच्याच पिढीतील अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) यांनी पुढचे पाऊल टाकले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकर्तीनेही आधी भारतीय वेषातील मरिया रंगवली. पुढे मात्र त्यांच्या चित्रांचे पृष्ठ त्रिकोणांत विभागले जाऊ लागले. त्रिकोण हे पवित्र त्रैक्याचे चिन्ह. या शैलीला त्यांच्या आडनावावरून 'त्रिंदादिझम' असे नाव पडले. येथे भूमिती ही सजावट राहिली नाही. ती श्रद्धेचे विधान झाली.

धाग्याच्या माध्यमात हाच प्रवास मोनिका कोरिया यांनी केला. १९३८ साली मुंबईत जन्मलेल्या या कलावतीने अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल यांच्याकडे विणकामाचे धडे घेतले. त्यांच्या १९७२ च्या एका विणकामाचे नाव 'ओरिजिनल सिन', म्हणजे मूळ पाप, असे आहे. मागावरील फणी उभ्या धाग्यांना ठरावीक अंतरावर सरळ धरून ठेवते. कोरिया यांच्या कामाचा विशेष असा, की विणता विणता त्या ती फणीच काढून टाकतात. मग धागे सरळ वाट सोडून वळतात, एकमेकांजवळ येतात, दूर जातात. नियम आणि स्वातंत्र्य यांचा उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील संघर्ष आम्हांस या पद्धतीत दिसतो. हा अर्थ अर्थात आमचा. त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पतनानंतर आदाम व एवा यांच्या हातून घडलेली पहिली कृती म्हणजे अंजिराची पाने एकमेकांस शिवणे. पवित्र शास्त्रातील माणसाची पहिली कारागिरी शिवणकामाची आहे.

मोनिका यांचे पती चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' या खगोलशास्त्रीय केंद्राची वास्तू रचली. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. प्रवेशाजवळच्या भिंती काळ्या बेसाल्टच्या, त्यावर त्याहून काळा कडप्पा, त्यावर आभाळ प्रतिबिंबित करणारा चकचकीत ग्रॅनाइट: काळ्यावर काळे, अवकाशाची अथांगता सुचविणारे. मधल्या कुंडात दगड केंद्रापासून बाहेर फेकल्यासारखे मांडलेले आहेत. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची ती खूण. ही रचना उत्पत्तीच्या पुस्तकावरून केलेली नाही, आणि तसा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांना तर महास्फोटाचा सिद्धांतच मान्य नव्हता. तरीही त्या कुंडाच्या काठी उभे राहिलो असता अंधार, प्रकाश आणि विभागणी यांचीच आम्हांस आठवण झाली. आरंभाविषयी बोलू पाहणाऱ्या प्रत्येकाला अखेर रेषेकडे वळावे लागते, असे दिसते.

अमूर्त कलेत श्रद्धा कोठे, असा प्रश्न आपल्याकडे अजूनही विचारला जातो. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले, की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली केवळ आपली म्हणून स्वीकारलेली नाही. हा निर्वाळा आला तेव्हा फोन्सेकाच्या आयुष्याची चारच वर्षे उरली होती. मरियेच्या लुगड्याने आपण एकदा बिचकलो; आता चेहरा नसलेल्या चित्रासमोर तीच चूक पुन्हा होऊ नये.

आणि ही भाषा आपणांस परकी थोडीच आहे? आपल्या आज्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवत. कडेने निघालेला धावदोरा चौकोनात चौकोन घालीत मध्यापर्यंत पोहोचे. विटलेल्या चिंध्यांतून रचना उभी राही, आणि तिच्यात उजेडाचे व काळोखाचे तुकडे आपापली जागा घेत. तिला कोणी कला म्हटले नाही. अशी एखादी गोधडी घरात अजून असेल, तर ती एकदा उजेडात पसरून पाहावी, आणि शेजारी उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडून ठेवावा.