प्लास्टिक कचरा: वाघूरच्या काठापासून समुद्रापर्यंत

पहूरला राहणाऱ्याचा समुद्रातल्या प्लास्टिकशी काय संबंध, असे तुम्हाला वाटू शकते. पाण्याची वाट पाहिली की तो कळतो. अजिंठ्याच्या डोंगरातून येणारी वाघूर पहूरवरून पुढे वाघूर धरणात जाते. जळगाव शहराला पिण्याचे पाणी याच धरणातून मिळते. पुढे ती तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. नाल्यात टाकलेली प्रत्येक पिशवी तिथवर पोहोचत नाही. बऱ्याच पिशव्या काठच्या झुडपांत आणि गाळात अडकतात. पण त्या कुजत नाहीत. उन्हाने ठिसूळ होऊन त्यांचे तुकडे होतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात.

आधी गाय, मग कासव

उरलेली भाजी-पोळी पिशवीत गाठ मारून उकिरड्यावर टाकली, की गाय ती पिशवीसकट गिळते. गाय आधी गिळते आणि नंतर रवंथ करते, त्यामुळे पिशवी कोटीपोटात जाते. तिथून पुढे जाण्याची वाट अरुंद असते. पिशव्या, दोऱ्या, सुतळ्या एकमेकींत गुंतून मोठा गोळा होतो. जनावर चारा कमी खाते, रवंथ मंदावते, दूध घटते, पोट वारंवार फुगते. अशी लक्षणे दिसली तर घरगुती काढ्यांत दिवस घालवू नका, पशुवैद्यकाला बोलवा. गोळा मोठा असेल तर पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागते.

समुद्री कासवाचेही असेच होते. पाण्यात तरंगणारी पिशवी त्याला जेलीफिशसारखी दिसते. त्याच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात, त्यामुळे गिळलेली वस्तू बाहेर टाकणे अवघड जाते. तुटलेल्या मासेमारी जाळ्यांत पाय अडकून जखमी झालेली ऑलिव्ह रिडले कासवे आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वाहून येतात; पालघर जिल्ह्यातील डहाणूच्या केंद्रात अशा कासवांवर उपचार होतात.

माणसाच्या शरीरात काय होते?

२०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ जणांचे रक्त तपासले, तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडले. २०२४ मध्ये इटलीतील डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेले चरबीचे थर तपासले. २५७ पैकी १५० रुग्णांच्या थरात पॉलिथिलीन होते. पुढच्या सुमारे ३४ महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका ज्यांच्या थरात प्लास्टिक होते त्यांना सुमारे साडेचार पट आढळला. यावरून प्लास्टिकमुळेच झटका आला, असे मात्र सिद्ध होत नाही. त्यामुळे घाबरून मासे सोडू नका. मोठ्या माशाचे आतडे आपण काढून टाकतोच. सुकटीसारखे बारीक मासे आतड्यासकट खाल्ले जातात, तरी त्यांतली प्रथिने आणि कॅल्शियम गमावण्याइतका पुरावा आज नाही.

माझ्या मते आपल्या भागात याहून जवळचा धोका धुराचा आहे. केळीच्या घडावरच्या पिशव्या, मल्चिंग पेपर, ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर पेटवल्या जातात. चूल पेटवायलाही पिशवी वापरतात. पीव्हीसीचा पाइप जळाला, की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन तयार होतात. डायॉक्सिन चरबीत साठते आणि दुधातून पुढे जाते. त्यातील सर्वांत विषारी प्रकार कर्करोगकारक मानला जातो. दमा असलेल्यांना, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना हा धूर आधी बाधतो.

राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पण शेतातले प्लास्टिक तीत येत नाही. जुन्या नळ्या भंगारवाले घेतात. माती झटकून, गुंडाळून द्या. उरलेले अन्न पिशवीतून काढून, मोकळे टाका.

प्लास्टिकच्या धुरानंतर खोकला थांबत नसेल, छातीत घरघर होत असेल किंवा बोलताना धाप लागत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. काय जळत होते, ते डॉक्टरांना नक्की सांगा.