उमेदवार जीव

पांढुर्णा, सौसर, काटोल, वरुड हा संत्र्याचा एकच पट्टा. मधून राज्याची सीमा जाते, पण झाडाला तिचं काय! या पट्ट्यात बागवाल्यांना ग्रीनिंगची धास्ती असते. पानं अर्धवट पिवळी पडतात, फळ लहान, वाकडं आणि बुडाशी हिरवंच राहतं, पुढे फांद्या वाळतात. सायला नावाचा इवलासा किडा हा रोग झाडाझाडाला पोचवतो. रोगट झाडाचा डोळा घेऊन कलम बांधलं तरी तेच.

हे करतं कोण? आधी म्हणाले, विषाणू. 1970 मध्ये फ्रान्सच्या शास्त्रज्ञांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात झाडाच्या रसवाहिन्यांत काहीतरी दिसलं. त्याला पेशीभित्तिका आहे हे पुढे कळलं, तेव्हा तो जिवाणू ठरला.

पण त्याची जात कशी ठरवायची? गाई-म्हशींसारखं पिल्लांवरून इथे काही कळत नाही. जिवाणू एकाचे दोन होतात, वर शेजारणीला विरजण द्यावं तशी जनुकं परक्यालाही देतात. म्हणून 1987 मध्ये जाणत्यांनी बसून ठरवलं : दोघांचे डीएनए साधारण 70 टक्के जुळले, तर जात एक. सत्तरच का, पासष्ट का नाही? ही रेघ निसर्गाने ओढलेली नाही. शिवाय पक्क्या नावासाठी तो जीव प्रयोगशाळेत शुद्ध वाढवून, जिवंत नमुना जपावा लागतो.

संत्र्याचा हा जीव तसा वाढेचना. अखेर 1994 मध्ये एका जनुकावरून त्याचं कूळ लावलं. आशियाचा नमुना होता आपल्या पुण्याचा, आफ्रिकेचा नेल्सप्रूटचा. दोघांना वेगळी नावं मिळाली, पण पुढे शब्द लागला 'कॅन्डिडेटस', म्हणजे उमेदवार. तीस वर्षं उलटली, अजून उमेदवारच!

आपल्यात कुणी सहज म्हणतं, ''निगोद म्हणजेच बॅक्टेरिया, शास्त्रात आधीच सांगितलंय.'' मला हे पटत नाही. एकेंद्रिय, द्वींद्रिय ही वाटणी इंद्रियं मोजून केलेली, हिंसा कुठे किती होते ते उमगावं म्हणून. निगोदात अनंत जीवांचं शरीर एक, श्वास एक. प्रयोगशाळेतली वाटणी कुळाची. एकीच्या मापाने दुसरी कशाला मोजायची?

बागवाला कलम घेताना जात विचारत नाही, मातृवृक्ष रोगमुक्त आहे का एवढंच विचारतो. ते सांगायला मात्र या उमेदवाराचंच जनुक पानात शोधावं लागतं.