हृदंतस्तरशोथ, जंतुजन्य : प्रतिजैव चिकित्सेचा कालावधी

हृदयाच्या आतील अस्तरास, विशेषतः झडपांस, जंतुसंक्रामणामुळे येणाऱ्या शोथास (दाहयुक्त सुजेस) जंतुजन्य हृदंतस्तरशोथ म्हणतात. संधिवाती ज्वराने विकृत झालेल्या झडपांवर तो विशेषेकरून जडतो. भारतात हे कारण दीर्घकाळ प्रमुख राहिले आहे. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत या रोगाचे सविस्तर विवेचन केले. तथापि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्याचे निदान म्हणजे बहुधा मृत्यूची पूर्वसूचनाच असे. सल्फा औषधांनीही फारच थोडे रुग्ण वाचले.

ऑक्टोबर १९४० मध्ये न्यूयॉर्क येथे मार्टिन हेन्री डॉसन यांनी अशा रुग्णांना पेनिसिलीन टोचले. परंतु उपलब्ध मात्रा अत्यल्प होती. पुढे युद्धकाळात औषध दुर्मिळ असल्याने, या रोगात त्याचा उपयोग होत नाही असे ठरवून अमेरिकेतील वाटप समितीने हे रुग्ण वगळले. वस्तुतः अपयश औषधाचे नव्हते, अपुऱ्या मात्रेचे व अपुऱ्या दिवसांचे होते. ब्रुकलिन येथील लिओ लोव यांनी मोठ्या मात्रा दीर्घकाळ देऊन सात रुग्णांत यश मिळविले व १९४४ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांनी जोडीला दिलेले हेपारीन पुढे मागे पडले.

दिवस किती, या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी रॉनल्ड क्रिस्टी यांनी केलेल्या पाहणीतून मिळाले. पाच किंवा दहा दिवसांच्या उपचाराने ताप उतरे, रुग्णास बरे वाटे आणि काही दिवसांत रोग उलटे. दिवसाला पाच लक्ष एकके याप्रमाणे २८ दिवस उपचार केल्यास असे उलटणे पुष्कळच कमी झाले. चौदा केंद्रांतील २६९ रुग्णांचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांचा आजचा प्रघात मुख्यतः या अनुभवातून आला आहे. दोन, तीन व चार आठवड्यांची काटेकोर तुलना त्यामागे नाही, हे लक्षात ठेवावयास हवे.

इतका काळ लागण्याचे कारण झडपेवरील उद्‌वर्धात आहे. फायब्रीन व बिंबाणू यांच्या या गुठळीत जंतूंची दाट वसाहत असते. एका ग्रॅममध्ये त्यांची संख्या अब्जावधी असू शकते. तेथे रक्तवाहिन्या नसल्यासारख्याच असल्याने भक्षककोशिका पोहोचत नाहीत. खोलवरचे जंतू जवळजवळ निष्क्रिय असतात आणि पेनिसिलीन तर वाढणाऱ्या जंतूंनाच मारते. त्यामुळे रक्त निर्जंतुक झाले, तरी झडप निर्जंतुक झालेली नसते.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. दर चार तासांनी टोचावयाचे औषध महिनाभर पुरविण्याच्या दृष्टीने देशातील उत्पादनाचे महत्त्व उघड आहे.

१९५० नंतर पेनिसिलीनला स्ट्रेप्टोमायसिनाची जोड देऊन साध्या मालागोलाणुजन्य रोगात दोन आठवडेही पुरतात, असे आढळले. आता त्याऐवजी जेंटामायसीन वापरतात. मात्र मूत्रपिंडे व श्रवणशक्ती यांस ते अपायकारक असल्याने निवडक रुग्णांतच असा उपचार करतात. पुंजगोलाणुजन्य रोगास चार ते सहा आठवडे, तर कृत्रिम झडपेवरील रोगास निदान सहा आठवडे देतात. दिवस मोजावयाचे ते रक्तसंवर्धन प्रथम जंतुरहित आल्यापासून.

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत घरचे माणूस सहा आठवडे रुग्णालयात गुंतणे पारोळ्यासारख्या तालुक्यातील शेतकरी कुटुंबास परवडणारे नसते. जळगाव किंवा धुळ्याचे रुग्णालय गाठावयाचे, तर सोबतीस आणखी एक माणूस लागतेच. ताप उतरताच घरी परतण्याचा मोह येथूनच उत्पन्न होतो. या दृष्टीने डेन्मार्कमधील २०१८ च्या चाचणीस महत्त्व आहे. तीत ४०० स्थिर रुग्णांना निदान दहा दिवस शिरेतून औषध दिल्यावर दोन गट करून एका गटास तोंडावाटे दोन औषधे दिली; या गटातील गंभीर अनिष्ट घटनांचे प्रमाण ९ टक्के, तर शिरेतून उपचार चालू ठेवलेल्या गटात ते १२.१ टक्के होते. यामुळे औषधाचा मार्ग बदलता आला, एकूण कालावधी मात्र घटला नाही. शिवाय अशा रुग्णांची वारंवार तपासणी व प्रतिध्वनी हृद्‌आलेखन आवश्यक असते. जंतू ओळखल्यावाचून औषधांची निवड होत नाही. आणि तापासाठी चार दिवसांच्या गोळ्या आधीच घेतल्या असतील, तर रक्तसंवर्धनात जंतू बहुधा सापडत नाहीत.